तारण ठेवलेले वाळे

माझी मुलगी करुणा गेली, त्या उन्हाळ्यापासून मी प्रार्थना करत नव्हते. हे कुणाला ठाऊक नव्हतं, कारण दर रविवारी मी शिरूरच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत पुढच्याच बाकावर बसायची, डोळे मिटायची, सगळ्यांबरोबर ओठही हलवायची. ओठ हलवायला काही लागत नाही. आत मात्र सगळं मिटलेलं होतं. मी मिशनच्या दवाखान्यात नर्स. आसपासच्या गावांतली कितीतरी बाळं मी पहिल्यांदा हातात घेतली होती, आणि माझी स्वतःची दीड वर्षाची पोर घटसर्पानं माझ्या मांडीवर श्वासासाठी तळमळत गेली. त्या आजारपणात मी देवाशी सौदे करून पाहिले. मला ने म्हटलं, माझे डोळे ने म्हटलं, जन्मभर खेड्यापाड्यांत सेवा करीन म्हटलं. त्यानं एकही सौदा मान्य केला नाही, आणि मग मी त्याच्याशी बोलणंच टाकलं.

समाचाराला येणाऱ्या बायका प्रभूची इच्छा म्हणायच्या. मी मुळातच फटकळ. एकीला मी विचारलं, ही इच्छा तुमच्या घरी कधी कशी येत नाही हो? त्यानंतर समाचाराला येणाऱ्यांची संख्या बरीच कमी झाली. आमचे हे मिशनच्या शाळेत मास्तर, शांत स्वभावाचे. करुणाचा झबला, टोपडं आणि लाकडी खुळखुळा त्यांनी एका ट्रंकेत ठेवला आणि ट्रंक कॉटखाली सरकवली. दवाखान्यात नवी बाई आली आणि तिनं सहज विचारलं की मुलं किती, तर मी नाही म्हणून सांगायची. ते सोपं होतं. एक होती आणि गेली असं म्हटलं की पुढचे प्रश्न येतात.

त्याच पावसाळ्यात पुण्याच्या वरच्या अंगाचं धरण फुटलं. पुण्याची दैना झाली ती सगळ्या वर्तमानपत्रांत आली, फोटो आले, मदतीच्या गाड्या तिकडे धावल्या. पण पाणी काही पुण्यात थांबलं नव्हतं. ते भीमेत उतरलं आणि काठाकाठानं वस्त्या धूत खाली गेलं. आमच्या शिरूरला घोड नदी, त्यामुळे आम्हाला भीमेचे हाल लगेच कळले नाहीत. वडगाव रासाईच्या खालच्या अंगाची एक वस्ती अख्खी बसल्याचं कळलं तोवर पाणी ओसरूनही गेलं होतं. परदेशातल्या मंडळ्यांनी पाठवलेली दुधाची भुकटी पुठ्ठ्याच्या पिंपांतून दौंड स्टेशनात येऊन पडली होती. ती आणवून घ्यायची आणि त्या वस्तीवर जाऊन मुलांना दूध वाटायचं असं ठरलं. नर्स पाहिजे म्हणून माझं नाव निघालं. मी नाही म्हणाले नाही. सेवेच्या ओढीनं गेले असं मात्र कुणी समजू नये. घरात बसून त्या कॉटखालच्या ट्रंकेकडे बघत राहण्यापेक्षा चिखल तुडवलेला बरा, एवढाच माझा हिशेब होता.

निघताना मंडळीच्या पाळकसाहेबांनी एक कापडी फलक आमच्याबरोबर दिला. दर वर्षी बाजारात सुवार्ता सांगायला तो वापरत असू. पांढऱ्या मांजरपाटावर आमच्या मास्तरांनीच निळ्या रंगात सुरेख अक्षरात लिहिलं होतं, ‘प्रभू येशूच्या नावाने तारण’. त्यातलं ‘तारण’ सगळ्यांत मोठं, लांबूनही वाचता येईल असं. दोन बांबूंना ते कापड बांधलं की झालं. मी म्हटलं, अहो, भुकेल्या माणसाला आधी वाचायला कशाला लावायचं? पण पाळकसाहेबांचा आग्रह होता आणि मास्तरांना मोठ्या माणसाला नाही म्हणता येत नसे. जीप न्हावऱ्यापर्यंत गेली. पुढे बैलगाडी. चाकं मधल्या तुंब्यापर्यंत चिखलात जात होती आणि गाडीच्या दोन्ही बाजूंना ते बांबू आणि मध्ये ते कापड हलत होतं.

वस्ती कसली, मातीचे ढीग राहिले होते. भिंती बसल्या होत्या आणि त्यांतून वासे वर आले होते. बाभळींच्या फांद्यांत उंचावर कडबा आणि लुगड्यांच्या चिंध्या अडकलेल्या, म्हणजे पाणी तिथवर चढलं होतं. मेलेल्या जनावरांचा वास सगळीकडे होता. जगली वाचलेली माणसं एका उंचवट्यावर देवळाच्या ओट्याला बिलगून राहिली होती. मास्तरांनी सगळ्यांना नमस्कार करून दूध आणल्याचं सांगितलं, मुलांना घेऊन या म्हणाले. एकही मूल आलं नाही. एका तरुणानं फलक मोठ्यानं वाचला, दोनदा वाचला, आणि माणसं आपापसांत कुजबुजायला लागली. मग एकेकानं हात जोडले. नको मास्तर, म्हणाले. आमचं चाललंय, म्हणाले. बायकांनी मुलांना पदराखाली ओढून घेतलं. ज्या मुलांना त्यांनी ओढून घेतलं त्यांची पोटं मला दिसत होती आणि डोळेही दिसत होते.

मला वाटलं ते बाटायच्या भीतीनं. आम्हाला हे नवीन नव्हतं. आमच्या हातचं पाणी नको असणारी गावं मी पाहिली होती, दूध प्यालं की लेकरू किरिस्ताव होतं अशा वावड्याही ऐकल्या होत्या. माझं डोकंच फिरलं. माझ्या मुलीला वाचवायला कुणी काही आणून दिलं असतं तर ते कुठल्या जातीच्या, कुठल्या धर्माच्या हातचं आहे हे मी विचारलं नसतं. आणि इथे पिंपं भरून दूध दारात आलंय, तर ह्यांना ते नको. मी त्यांच्यावर चिडले आणि त्यांच्याहून जास्त वर बसलेल्यावर चिडले. मनात म्हटलं, माझं लेकरू वाचवायचं नव्हतं तुला, आता ह्यांचीही वाचवायची नाहीत. मास्तर अर्धा-पाऊण दिवस त्यांची समजूत घालत राहिले, प्रत्येक वेळी ते ‘तारण फुकट आहे’ म्हणायचे आणि प्रत्येक वेळी माणसं आणखी एक पाऊल मागे सरायची. शेवटी गाडीवान म्हणाला, आभाळ भरलंय, आता निघालो नाही तर इथंच अडकू. बैल जुंपले. मी आधीच गाडीत चढून बसले होते.

तेवढ्यात ती आली. शेवंता तिचं नाव, ते मला नंतर कळलं. वीस-बावीस वर्षांची असेल. चिखलातून धावत येत होती, कमरेवर एक तान्हं होतं आणि त्याची मान ज्या तऱ्हेनं हलत होती ते पाहूनच मी गाडीतून खाली उतरले. तिनं बाळ माझ्यापुढे धरलं नाही. आधी तिनं कनवटीला हात घातला आणि एक गाठ सोडून माझ्या हातात काहीतरी ठेवलं. चांदीचे दोन वाळे होते, लहान पोरीच्या पायातले.

“बाई, एवढंच हाय माज्यापाशी,” ती म्हणाली. “हे तारण ठिवा आन् ह्याला दूध द्या.”

मला क्षणभर काहीच कळलं नाही. मास्तरांना माझ्या आधी कळलं. त्यांनी फलकाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. ओट्यावर बसलेले एक म्हातारे मुलाणी होते, सगळी वस्ती त्यांना मामा म्हणत होती. ते उठून जवळ आले आणि त्यांनी मास्तरांना समजावून सांगितलं. सोसायटीच्या कर्जाच्या कागदावर हाच शब्द असतो. सावकारही हाच शब्द बोलतो. तारण म्हणजे गहाण. दूध देणार आणि जमिनीच्या कागदावर अंगठा घेणार असं सगळ्यांना वाटलं होतं. “वर देवाचं नाव आन् खाली तारण,” मामा म्हणाले, “दुकानावर बी असंच लिव्हलेलं असतंय की, मास्तर. आन् जमिनीची तर माती बी वाहून गेली. आता तारण ठिवायचं तरी काय?”

मी जन्मापासून तो शब्द ऐकत आले होते. गीतांतून म्हटला होता, उपदेशांतून ऐकला होता, पापातून सुटका ह्या अर्थानं. त्याचा दुसरा अर्थ मलाही माहीत नव्हता असं नाही. पण हे दोन अर्थ एकाच शब्दात शेजारी शेजारी राहतात हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. मास्तरांनी बांबूंवरून कापड सोडलं आणि बांबू गुडघ्यावर मोडले. वस्तीत वाळलेलं सरपण म्हणून काडी उरली नव्हती, त्या बांबूंवर आम्ही पहिलं पाणी उकळलं. कापड घडी करून बाळाखाली घातलं, कारण त्याच्याइतकं कोरडं दुसरं काही तिथे नव्हतं. मुलाणी मामांनी आपला लोटा पुढे केला, सगळ्यांदेखत पहिलं दूध ते स्वतः प्याले, मिशी पुसली, आणि आणखी मागितलं. त्यावर कुणीतरी हसलं. मग हळूहळू मुलं आली, आणि आली ती येतच राहिली.

शेवंताचं बाळ मात्र दूध पिण्याच्या पलीकडे गेलं होतं. चार-पाच महिन्यांचा मुलगा. पुरात तिचं दूध आटलं होतं आणि कुणीतरी नदीचंच पाणी त्याला पाजलं होतं. हगवणीनं तो वाळून गेला होता. टाळू खोल गेलेली, चिमटीत धरलेली कातडी तशीच उभी राहत होती, आणि तो रडत नव्हता. रडणाऱ्या बाळाची आम्हा नर्सांना काळजी नसते. मी उकळून निवलेल्या पाण्यात साखर आणि चिमूटभर मीठ घातलं आणि चमच्यानं एकेक थेंब त्याच्या ओठांवर सोडायला लागले. करुणा गेल्यापासून मी एकही बाळ मांडीवर घेतलं नव्हतं. दवाखान्यात कामापुरतं उचलायची आणि लगेच आईकडे द्यायची. त्या दिवशी ह्याला घेऊन बसले आणि माझ्या हातांनी आपोआप तीच घडी घातली, डोकं डाव्या कोपरात, पाय पोटाशी. हात विसरले नव्हते. मला फार रडू आलं आणि मी रडले. शेवंता समोर बसून माझ्याकडे बघत होती.

ती बोलायला लागली ते माझ्या रडण्यामुळेच असावं. वाळे तिच्या थोरल्या मुलीचे, तीन वर्षांच्या तुळसाचे. पाणी येण्याच्या आदल्या दिवशी वाळे पायाला काचतात म्हणून पोर रडत होती, म्हणून तिनं ते काढून कनवटीला लावले होते. सोनाराकडून वाढवून घ्यायचे होते. पाणी आलं तेव्हा तान्हं एका हातात होतं आणि तुळसाचा हात दुसऱ्या हातात होता. तुळसाचा हात सुटला. नवरा अजून नदीकाठानं खाली, दौंडाच्या बाजूला गेलेला होता, पोर कुठं अडकलेली सापडते का ते बघायला. हे सगळं तिनं दुसऱ्या कुणाबद्दल बोलावं तसं सांगितलं. मग विचारलं, “तुमाला लेकरं किती, बाई?” मी सवयीनं म्हटलं, नाही.

मी ते वाळे तिच्या हातात परत द्यायला गेले. दूध फुकट आहे, काही ठेवावं लागत नाही, हे मी तिला नीट समजावून सांगितलं. तिनं हात मागे घेतला. तिला ते समजलं होतं, पण तरी ती घेईना. घरच राहिलं नाही, ठेवू कुठं, म्हणाली. कनवटीला ठेवले की रात्रंदिवस टोचतात, म्हणाली. मी म्हटलं, अगं, पण तुझ्या मुलीची एवढीच वस्तू राहिली, ती माझ्याकडे गेली तर? तेव्हा ती जे बोलली त्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले आहे.

“तारण ठिवल्यालं जात नसतंय, बाई,” ती म्हणाली. “ते ठिवल्यालं असतंय. मी सोडवाया येणार हाय.”

तिला माझ्याबद्दल काहीच माहीत नव्हतं. तिला शास्त्र माहीत नव्हतं, आमच्या फलकावरचं अक्षरही वाचता येत नव्हतं. चांगल्या हाती दिलेली वस्तू गेली असं म्हणायचं नाही, एवढी व्यवहाराची गोष्ट तिनं सांगितली. पण मी तिथे चिखलात बसल्या जागी हलले. त्या उन्हाळ्यापासून मी एकच शब्द मनात घोळवत होते, गेली. करुणा गेली. देवानं नेली. हिसकावून नेली. आणि ही बाई, जिच्या हातातून पोर पाण्यानं खरोखर हिसकावली होती, ती मला ठेवणं आणि जाणं ह्यांतला फरक सांगत होती. मी वाळे रुमालात बांधले. तिला म्हटलं, बरं, ठेवते. सोडवायला ये.

मग मी प्रार्थना केली. त्या उन्हाळ्यानंतर पहिल्यांदाच केली, आणि ती आधीसारखी नव्हती. सौदा केला नाही. ह्याला वाचव असंही म्हटलं नाही, कारण तसं म्हणण्याची मला भीती वाटत होती. एवढंच म्हटलं, प्रभू, हे लेकरू तुझ्याजवळ ठेवते. आणि मग, खूप वेळानं, चमचा भरताना म्हटलं, माझंही ठेवते. डोळेही मिटले नव्हते, कारण चमच्यावर लक्ष ठेवायला हवं होतं. आकाशातून काही आवाज आला नाही. मुलं लोटे वाजवत होती, मुलाणी मामा कुणाला तरी रांगेवरून रागावत होते आणि बैल उगाच मान हलवत होते. मनावरचं ओझं उतरलं असंही मी म्हणणार नाही. ओझं तसंच होतं. फक्त ते मी एकटीच धरून बसले आहे असं त्यानंतर वाटलं नाही.

आम्ही त्या दिवशी निघालोच नाही. दुसऱ्या दिवशी दुपार कलता कलता मांडीवर मला एकदम ऊब जाणवली. खाली पाहिलं तर मुलानं माझं पातळ ओलं केलं होतं, त्या घडीच्या कापडासकट. ज्यांनी वाळलेली मुलं पाहिली नाहीत त्यांना ह्यात काय विशेष ते कळायचं नाही. दोन दिवस त्याला लघवी झाली नव्हती. मी मास्तरांना हाक मारली, आणि आमचे मितभाषी मास्तर ते ओलं पातळ पाहून लहान मुलासारखे हसायला लागले. लोक देवाच्या खुणेची वाट बघतात. मला मिळालेली खूण ही अशी होती. थोड्या वेळानं तो रडला, बारीक, मांजरासारखा, आणि शेवंतानं तोंडाला पदर लावला.

तिचा नवरा परत आला तेव्हा आम्ही अजून तिथेच होतो. एकटाच आला. त्यानं बायकोकडे बघून नुसती मान हलवली आणि मुलाला उचलून घेतलं. तुळसा सापडली नाही. कुणाला काहीतरी मिळालं आणि कुणाला नाही, असं का, ह्याचं उत्तर मला त्या वस्तीवर मिळालं नाही आणि आजही माझ्याकडे नाही. कृपा झाली असं मी म्हणते तेव्हा त्या माणसाची ती हललेली मान माझ्या डोळ्यांपुढे असते.

घरी आल्यावर मी कॉटखालची ट्रंक ओढली आणि तो रुमाल करुणाच्या झबल्यावर ठेवला. मास्तर दारात उभे राहून बघत होते. पुढच्या वर्षी बाजरी निघाल्यावर, बाजाराच्या दिवशी, शेवंता शिरूरला आली. पत्ता विचारत विचारत दवाखान्यापर्यंत पोचली. एका कडेवर मुलगा आणि दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेली नवी बाजरी. “सोडवाया आले, बाई,” एवढंच म्हणाली. तिला घरी आणलं. मी ट्रंक उघडली, रुमाल सोडला आणि वाळे तिच्या हातात दिले. तिनं ते बराच वेळ बोटांनी चाचपले, कपाळाला लावले आणि मग खाली बसून मुलाच्या पायांत चढवले. तुळसाला काचणारे ते वाळे त्याला अगदी बेताचे झाले. पोरगा नुकताच चालायला लागला होता. तो आमच्या ओसरीवर चालायला लागला, पडत, उठत, आणि वाळे वाजत होते. त्या ओसरीवर लहान पावलांचा आवाज बंद झाल्याला दोन उन्हाळे झाले होते. मास्तर आत होते ते बाहेर आले आणि खांबाला धरून उभे राहिले.

शेवंताची नजर उघड्या ट्रंकेवर गेली. तिनं तो झबला पाहिला, टोपडं पाहिलं, आणि तिनं मला तोच प्रश्न पुन्हा विचारला, हळू आवाजात, लेकरं किती म्हणून. ह्या वेळी मी नाही म्हटलं नाही.

“एक मुलगी आहे,” मी म्हटलं. “ठेवलेली आहे.”

तिनं माझा हात हातात घेतला आणि आम्ही दोघी त्या पोराचे वाळे ऐकत बसलो. आता मास्तरही गेलेत, चुकले मी, तेही ठेवलेले आहेत. माझे गुडघे धरतात, रविवारी मागच्या बाकावर बसते, आणि गीतात ‘तारण’ आलं की मला अजून शेवंता आठवते. देवाचे आभार मानायला मला त्या एका बाईनं शिकवलं, आणि मागणं सोडून, ठेवायला शिकवलं. माझीही निघायची वेळ जवळ आली आहे. मला तिकडे काही मोठं मागायचं नाही. दारात उभी राहून एवढंच म्हणेन, सोडवायला आले.